दर्याकाठी उभं राहून ताऱ्यांकडून आपली जागा शोधण्याची रीत

पत्रादेवी ते पोळे असा उभा गोवा अक्षांशाच्या जेमतेम ५४ मिनिटांत मावतो. पूर्ण एक अंश, म्हणजे साठ मिनिटंही भरत नाहीत. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे ५४ मिनिटं साधारण शंभर किलोमीटर झाली. हा हिशेब आधीच मनात पक्का करा. पुढे जिथे जिथे मापात चूक होईल, तिथे ती चूक आपण गोव्यातच मोजणार आहोत: उत्तर गोव्यातल्या मांद्र्यापासून पणजीपर्यंतची, की थेट कारवारला नेऊन सोडणारी?

माझी नोकरी मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर म्हणून झाली. आता पेडण्यात घरी असतो. गेले दोन हिवाळे भाचीला हे शिकवतोय आणि शिकवताना जे क्रमाने करून घेतलं तेच इथे मांडतो. साधन नसलेल्या हातापासून सुरुवात करू आणि सेक्सटंटपर्यंत, म्हणजे आरशांनी कोन मोजणाऱ्या साधनापर्यंत जाऊ. मधली पायरी गाळू नका. सरळ सेक्सटंट हातात घेतलेल्या माणसाला आकडे येतात, पण आकड्यामागे काय चाललंय ते कळत नाही.

जीपीएस असताना हे कशाला, असं विचारणारे भेटतात. जीपीएसचे संकेत दाबले जाण्याचे, खोटे पाठवले जाण्याचे प्रकार होर्मुझ आणि तांबड्या समुद्राच्या पट्ट्यात जहाजांनी अनुभवले आहेत. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेला हा विषय २०१५ मध्ये पुन्हा शिकवायला घेतला. ही कारणं खरीच आहेत. मला मात्र त्याहून मोठं कारण वेगळं वाटतं: आपण कुठे आहोत आणि ते आपल्याला किती खात्रीने माहीत आहे, या दोन्ही गोष्टी इथे एकाच वेळी कळतात.

आधी माडाचं उदाहरण

अंगणात एक उंच माड आहे आणि त्याची उंची मला माहीत आहे असं धरा. बुंध्याशी उभं राहिलं की शेंडा डोक्यावर. मागे सरकत गेलं की शेंडा खाली खाली येतो. शेंडा जमिनीपासून बरोबर ५० अंशांवर दिसतोय एवढंच मला सांगितलंत, तर तुम्ही बुंध्यापासून किती लांब आहात ते मला काढता येईल, पण कुठल्या बाजूला ते नाही. माडाभोवती एक वर्तुळ, आणि त्यावर कुठेतरी तुम्ही. दुसरा माड दाखवलात की दुसरं वर्तुळ. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात आणि त्यातलं कुठलं आपलं, ते बहुतेक वेळा उघडच असतं.

तारा म्हणजे असाच माड. कुठल्याही क्षणी प्रत्येक तारा पृथ्वीवर कुठल्यातरी एका बिंदूच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या बिंदूला मी ताऱ्याचा पायथा म्हणतो. तारा डोक्यावरून जितके अंश ढळलेला दिसेल, तितके गुणिले साठ सागरी मैल तुम्ही पायथ्यापासून लांब. पायथा कुठे आहे ते पंचांगासारख्या कोष्टकातून मिळतं. दर्यावर्दी त्याला अल्मनॅक म्हणतात. ढळलेले अंश आपण मोजायचे. एवढीच ही विद्या आहे, बाकी सगळी मेहनत माप नेमकं घेण्याची. एका मापाने बिंदू मिळत नाही, रेषा मिळते. हे वाक्य भाचीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मूठ, ओळंबा आणि ध्रुव

हात पूर्ण लांब करा. करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मधली तीन बोटं मिळून पाच, बंद मूठ दहा, अंगठा ते करंगळी ताणलेली वीत वीस. लहान मुलाचा हात लहान, पण लांबीही तेवढीच कमी, म्हणून प्रमाण जमतं. मोजपट्टी डोळ्यापासून ५७ सेंटीमीटरवर धरली की तिच्यावरचा एक सेंटीमीटर एक अंश दाखवतो. आपला हात त्यावर एकदा ताडून घ्या.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, जवळपास तितका तुमचा अक्षांश. पणजीचा अक्षांश १५°३०′, म्हणून गोव्यात ध्रुव दीड मूठ उंचीवर. सप्तर्षींतल्या क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेघ पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांवरून अंदाज घ्यायचा.

इथे गोव्याची एक अडचण आहे. आपला किनारा उत्तर-वायव्येकडे चढत जातो, त्यामुळे वाळूवर उभं राहून उत्तरेला पाहिलं की माड, घरं, डोंगर. ध्रुवाखाली दर्याचं क्षितिज मिळत नाही. म्हणून ध्रुवासाठी ओळंबा वापरा. शाळेतला अर्धगोल कोनमापक घ्या, त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला एक जड नट बांधा. स्ट्रॉ आडवा असताना दोरा ९० वर येतो. स्ट्रॉमधून ध्रुव दिसला की दोरा ९० पासून जितका सरकला तितकी ताऱ्याची उंची. दोरा दुसऱ्याने वाचायचा. बघणाऱ्याने वाचायला मान हलवली की माप गेलंच. दहा वेळा घ्या आणि सरासरी काढा. वारा नसलेल्या रात्री अर्ध्या अंशाच्या आत यायला हरकत नाही. अर्धा अंश म्हणजे अर्ध्याहून जास्त गोवा.

शिवाय ध्रुव नेमका ध्रुवबिंदूवर नाही. आज तो सुमारे ३८ मिनिटं बाजूला आहे, शर्मिष्ठेच्या अंगाला. शर्मिष्ठा त्याच्या वर असेल तर माप तेवढं जास्त येतं, म्हणून वजा करायचं. सप्तर्षी वर असतील तर मिळवायचं. पाचशे वर्षांपूर्वी हे अंतर साडेतीन अंशांच्या आसपास होतं. त्यामुळेच पोर्तुगीज नाविकांच्या नियमपुस्तकांत ध्रुवाजवळच्या ताऱ्यांची स्थिती बघून किती मिळवायचं, किती वजा करायचं, याचा वेगळा नियम दिलेला असे.

अगस्ती आणि लाकडाची पाटी

दक्षिणेला मात्र आपल्याला दर्या मिळतो. मांद्र्याला उभं राहा: किनारा दक्षिण-आग्नेयेकडे वळत जातो, आणि बरोबर दक्षिणेला उघडं पाणी. शिगम्याच्या दिवसांत, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान अगस्ती बरोबर दक्षिणेला येतो आणि तेव्हा क्षितिजाची रेघही अजून दिसत असते. तारा आणि क्षितिज एकत्र दिसण्याची ही वीसेक मिनिटं फार मोलाची. अगस्ती उगवला की पावसाचं गढूळ पाणी निवळतं, असं आपल्याकडे जुनं मानणं आहे. त्याच अगस्तीवरून आपण कुठे आहोत हे काढता येतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

यासाठी कमाल बनवा. अरब नाविकांचं हे साधन म्हणजे लाकडाची आयताकृती पाटी आणि मधल्या भोकातून ओवलेला गाठी मारलेला दोरा. गाठ दातांत धरायची, दोरा ताणायचा, पाटीची खालची कड क्षितिजावर, वरची ताऱ्यावर. अरबांचं माप इस्बा, म्हणजे बोट. वर्तुळाचे २२४ भाग, एक इस्बा साधारण १°३६′. प्रत्येक बंदराची ध्रुवाची उंची इस्ब्यांत पाठ असे. दोऱ्यावर ती गाठ मारून ठेवायची, तारा त्या गाठीवर बसेपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचं आणि मग ती उंची सांभाळत किनाऱ्याकडे वळायचं. रेखांशाची गरजच पडत नसे. अहमद इब्न माजिदने हे सगळं शास्त्र पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं.

आपल्या पाटीची उंची १८ सेंटीमीटर ठेवा. २० अंशांची गाठ पाटीपासून ५१ सेंटीमीटरवर, २१ ची ४८.६ वर, २२ ची ४६.३ वर, २३ ची ४४.२ वर. दोरा दातांत धरल्याने डोळा थोडा मागे राहतो, म्हणून पहिल्या दिवशी भिंतीवर ताडून बघा: भिंतीपासून ५ मीटर ७३ सेंटीमीटरवर उभं राहिलं की भिंतीवरचे १० सेंटीमीटर म्हणजे एक अंश. जो फरक येईल तेवढ्या गाठी सरकवा. दोरा सुती नको, दमट हवेत त्याची लांबी बदलते. मासेमारीची नायलॉनची दोरी चांगली.

अगस्ती विषुववृत्ताच्या ५२°४२′ दक्षिणेला आहे. तो बरोबर दक्षिणेला असताना ९० मधून ही ५२°४२′ आणि मोजलेली उंची दोन्ही वजा केली की आपला अक्षांश. भाचीने २१ आणि २२ च्या गाठींच्या मधोमध माप घेतलं, २१°३०′. अक्षांश आला १५°४८′. मांद्र्याचा खरा अक्षांश १५°४०′. आठ मैलांची चूक, म्हणजे गोव्याच्या उत्तर सीमेवर. लाकडाची पाटी आणि दोऱ्यावर याहून जास्त मागू नये. पाव अंशाची, म्हणजे मांद्रे ते वास्को एवढी चूक नेहमीची धरून चाला. मुंबईला हाच अगस्ती १८ अंशांच्या थोडाच वर चढतो, कोचीला २७ च्या वर. गाठी बदलत जातात आणि किनारा कळत जातो.

१४९८ मध्ये मालिंदीहून कालिकतला वास्को द गामाला ज्या वाटाड्याने आणलं त्याच्याबद्दल जुआंव द बारुश या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की, गामाने आपलं लाकडी अॅस्ट्रोलॅब, म्हणजे सूर्यताऱ्यांची उंची मोजणारी चकती, दाखवलं तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. तो वाटाड्या इब्न माजिद होता असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. बरेच अभ्यासक ते मानत नाहीत आणि तो गुजराती असावा असं म्हणतात. मला त्यातली बारुशची नोंद महत्त्वाची वाटते. हिंदी महासागरात ताऱ्यांवर वाट काढणं पोर्तुगीज येण्याआधी रोजचं काम होतं. त्यांनी आणली ती सूर्याची छापील कोष्टकं आणि मध्यान्हीच्या सूर्यावरून अक्षांश काढण्याची पद्धत; तिच्यामागे अब्राहम झकुतो या ज्यू खगोलतज्ज्ञाची कोष्टकं होती. डुलत्या जहाजावर अॅस्ट्रोलॅब स्थिर राहत नाही, म्हणून गामा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून माप घेत असे.

गोव्याला या इतिहासात एक खास जागा आहे. जुआंव द काश्त्रू हा पोर्तुगीज १५३८ मध्ये इथे आला आणि गोव्याहून दीवपर्यंतच्या सफरीची नोंदवही त्याने ठेवली: बंदरांची चित्रं, अक्षांश, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते याची मापं. नुसतं माप लिहून तो थांबत नसे, दोन मापं का जुळत नाहीत याचा शोध घेत असे. पुढे तो व्हाइसरॉय झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. इथे त्याची आठवण राज्यकर्ता म्हणून निघते. मला तो निरीक्षक म्हणून जवळचा वाटतो.

मध्यान्हीचा सूर्य

आता सेक्सटंट. नवशिक्याला प्लास्टिकचा पुरे. याची युक्ती दोन आरशांत आहे: एक आरसा फिरवून सूर्याचं प्रतिबिंब क्षितिजाला आणून लावायचं. जहाज डुललं तरी दोघं मिळून डुलतात, त्यामुळे माप सुटत नाही. लंडनच्या जॉन हॅडलीने १७३१ मध्ये आणि फिलाडेल्फियाच्या थॉमस गॉडफ्रेने साधारण त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, ही रचना काढली. आरशामुळे कोन दुप्पट होतो, म्हणून वर्तुळाचा सहावा भाग, साठ अंशांचा कमान-पट्टा, १२० अंश मोजतो. नावातला षडंश तो.

सूर्याकडे काच न लावता बघायचं नाही, दुर्बिणीतून तर कधीच नाही. आधी दोन्ही बाजूंच्या गडद काचा लावा, मग साधन डोळ्याला. हा क्रम हाताला इतका बसवा की विचार करावा लागू नये.

पहिलं काम साधनाची स्वतःची चूक काढण्याचं. काटा शून्यावर ठेवून क्षितिज बघा. आरशातलं आणि समोरचं क्षितिज एका रेघेत नसेल तर ड्रम, म्हणजे मिनिटं दाखवणारं बारीक चाक, फिरवून जुळवा आणि काय वाचन येतं ते लिहा. हे रोज करायचं. उन्हात तापलेलं साधन सकाळपेक्षा वेगळं वाचतं.

मग सूर्य खाली उतरवायचा. हिरव्या काचेतून तो नाण्याएवढा दिसतो. काटा सरकवत त्याला क्षितिजापर्यंत आणा आणि साधन डावी-उजवीकडे हलकं झुलवा. सूर्य पाळण्यासारखा झोका घेतो. झोक्याच्या तळाशी त्याची खालची कड पाण्याला नुसती टेकली पाहिजे, बुडायला नको. हे टेकणं शिकायला भाचीला आठ दिवस लागले. सुरुवातीला ती सूर्य थोडा बुडवून ठेवायची. सगळेच तसं करतात, त्यामुळे उंची जास्त येते आणि आपण सूर्याच्या जवळ असल्याचं दिसतं.

मध्यान्हीच्या पंधरा मिनिटं आधी सुरू करा. सूर्य चढत असतो तोवर तो रेघेपासून सुटत राहतो, आपण पुन्हा टेकवतो. मग दोन-तीन मिनिटं तो हलत नाही. आणि मग बुडायला लागतो. तिथे हात थांबवायचा. तेच सर्वात मोठं वाचन.

२२ डिसेंबरच्या आसपासचं आमचं एक माप देतो. त्या दिवसांत सूर्य २३°२६′ दक्षिणेला असतो आणि फारसा हलत नाही, म्हणून शिकायला सोयीचा. सेक्सटंटवर आलं ५०°४१′. साधनाची चूक दीड मिनिट जास्तीची, ती वजा केली: ५०°३९.५′. वाळूच्या टेकाडावर डोळा पाण्यापासून तीन मीटर उंच, त्यामुळे क्षितिज तीन मिनिटं खाली दिसतं, तेही वजा: ५०°३६.५′. खालच्या कडेपासून सूर्याच्या मध्यापर्यंतचा अर्धा व्यास मिळवायचा आणि हवेतून प्रकाश वाकतो त्याचा थोडा भाग वजा करायचा. दोन्ही मिळून साडेपंधरा मिनिटं वाढली: ५०°५२′. हे ९० मधून काढलं की ३९°०८′, म्हणजे सूर्य डोक्यापासून इतका ढळलेला. त्यातून सूर्याचे २३°२६′ वजा केले. उरले १५°४२′.

खरं १५°४०′. दोन मैल. कमालच्या पाटीवरच्या आठ मैलांवरून आपण दोनवर आलो.

मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यात सूर्य डोक्यावरून जातो, सावली पायाखाली येते. त्या दिवसांत हे माप घेऊ नका, सूर्य कुठल्या दिशेला टेकवायचा तेच कळत नाही. या दोन तारखांच्या मध्ये मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, आणि तसाही तेव्हा बराच काळ पाऊसच. ऑक्टोबर ते एप्रिल हा आपला हंगाम.

वेळ म्हणजे रेखांश

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार सेकंदांत रेखांशाचं एक मिनिट. गोव्याची पूर्व-पश्चिम रुंदी रेखांशाच्या सुमारे ४० मिनिटांची, म्हणजे सूर्य अख्खा गोवा २ मिनिटं ४० सेकंदांत ओलांडतो. घड्याळ तीन मिनिटं चुकलं की तुम्ही गोव्याबाहेर. शेकडो वर्षं जहाजांना अक्षांश कळत होता आणि रेखांश कळत नव्हता, त्याचं कारण हेच: डुलत्या जहाजावर वेळ सांभाळणारं घड्याळ नव्हतं. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये अर्ध्या अंशाच्या आत रेखांश देणाऱ्या रीतीला २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन या सुताराच्या पोराने जन्मभर खपून जे चौथं घड्याळ केलं, ते १७६१-६२ च्या जमैका सफरीत ८१ दिवसांत पाचेक सेकंदच मागे पडलं.

घरी हे शंकूने, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीने करता येतं, सेक्सटंट नसला तरी. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. टोकाला पुठ्ठा लावून त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा. काठीच्या टोकाची सावली पसरट असते, भोकातून पडणारा प्रकाशाचा ठिपका नेमका. जमीन सपाट आहे ना ते लेव्हलने बघा. बुंध्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी ठिपका वर्तुळाला स्पर्श करेल ती वेळ सेकंदांसकट लिहा, दुपारी पुन्हा स्पर्श करेल ती वेळ लिहा. दोन्हींच्या मधोमध खरी मध्यान्ह. आपल्या शुल्बसूत्रांत दिशा काढायला हीच रीत सांगितलेली आहे. दोन ठिपके जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. वर्तुळ का, असं विचाराल तर: मध्यान्हीला सावली इतकी सावकाश बदलते की सर्वात लहान सावलीचा क्षण डोळ्याला पकडता येत नाही, वर्तुळाला टेकण्याचा क्षण मात्र येतो.

११ फेब्रुवारीचं आमचं माप: सकाळी ११:२०:१०, दुपारी २:१९:३०. मध्य १२:४९:५०. फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटं १३ सेकंद मागे चालतो, ते वजा केलं: १२:३५:३७. आपलं घड्याळ ८२°३०′ रेखांशावर लावलेलं आहे. तिथे बारा वाजता जी मध्यान्ह होते ती इथे ३५ मिनिटं ३७ सेकंद उशिरा. मिनिटाला १५ याप्रमाणे ८°५४′. ८२°३०′ मधून गेले, उरले ७३°३६′. मांद्रे आहे ७३°४३′ वर. गणिताने आम्हाला गच्चीवरून उचलून जवळपास सात मैल पश्चिमेला, दर्यात नेऊन ठेवलं.

“मामा, मग चुकलं आपलं?” भाची खट्टू झाली. मी तिला वेळेत गणित करायला लावलं. सात मिनिटं रेखांश म्हणजे २८ सेकंद. एका काठीच्या सावलीवरून मध्यान्ह अर्ध्या मिनिटाच्या आत सापडली होती. आपलं माप कुठवर पोचतं ते कळणं हाही शोधच आहे. सूर्याच्या मागेपुढे चालण्याचं गणित विसरलात तर मात्र खरी चूक होते: ३ नोव्हेंबरला तो १६ मिनिटांहून जास्त पुढे असतो, मांद्र्यात मध्यान्ह १२:१९ च्या आतच होते, तर फेब्रुवारीत पाऊण वाजून गेल्यावर.

वेळेबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. थर्ड ऑफिसर असताना अरबी समुद्रात पहाटेच्या ताऱ्यांची मापं घेतली आणि क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं नेमकं घड्याळ, वाचताना मिनिटाचा आकडा एकने चुकवला. जहाज कागदावर साडेचौदा मैल सरकलं. सगळ्या रेषा सुबक छेदत होत्या, म्हणून मला शंका आली नाही. कॅप्टनने आदल्या दिवसाच्या वेगावरून ताडून बघितलं आणि माझी वही माझ्यासमोर ठेवली. तेव्हापासून मी आधी सेकंद लिहितो, मग मिनिट, मग तास, आणि मिनिट दुसऱ्याकडून वाचून घेतो. चुकलेली वेळ सगळ्या रेषांना सारखीच ढकलते, त्यामुळे चित्र छान दिसतं आणि जागा चुकीची असते. अल्मनॅक ग्रिनिचच्या वेळेत असतो. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे राहिले तर ते निदान लगेच दिसून येतं.

तारा, रेषा, आणखी एक तारा

डिसेंबर १८३७. थॉमस समनर नावाचा अमेरिकन कप्तान आयर्लंड आणि वेल्सच्या मधल्या धोक्याच्या पाण्यात होता. ढगांतून सूर्य क्षणभर दिसला, त्याने माप घेतलं, पण त्याला आपला अक्षांशच नक्की माहीत नव्हता. त्याने तीन वेगवेगळे अक्षांश धरून तीनदा गणित केलं. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत आले, आणि ती रेषा स्मॉल्सच्या दीपगृहावरून जात होती. त्याने त्या रेषेवरून जहाज हाकलं आणि दीपगृह समोर आलं. माडाभोवतीच्या वर्तुळाचा तो तुकडा होता. १८७५ मध्ये मार्क सेंतिलेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने ही गोष्ट सोपी करून दिली आणि आजही तीच रीत चालते.

ती अशी. आपण साधारण जिथे असू असं वाटतं ती जागा धरा. त्या जागेवरून त्या क्षणी तारा किती उंच दिसायला हवा ते काढा. सूत्र एकच आहे: उंचीची ज्या बरोबर अक्षांशाची ज्या गुणिले ताऱ्याच्या क्रांतीची ज्या, अधिक दोघांच्या कोज्यांचा आणि तासकोनाच्या कोज्येचा गुणाकार. ज्या म्हणजे sin, कोज्या म्हणजे cos, क्रांती म्हणजे तारा विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला ते, आणि तासकोन म्हणजे आपल्या दक्षिणोत्तर रेषेपासून तो किती अंश पश्चिमेला सरकलाय ते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. मग आपलं माप त्याच्याशी ताडा. गणित २७°४८′ म्हणालं आणि माप आलं २७°५१′, तर तारा तीन मिनिटं जास्त उंच, म्हणजे तुम्ही ताऱ्याच्या दिशेने तीन मैल पुढे. नकाशावर ताऱ्याच्या दिशेने तीन मैल मोजा आणि तिथे त्या दिशेला काटकोनात रेघ ओढा. कमी आलं तर उलट दिशेला. आलेखाच्या कागदावर एका सेंटीमीटरला एक मैल धरून हे छान जमतं. फक्त आपल्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट ०.९६ मैलाचं असतं, ते विसरू नका.

गोव्याच्या किनाऱ्यावरून डिसेंबरची संध्याकाळ यासाठी सर्वात चांगली. साडेसहाच्या सुमारास दक्षिण-नैर्ऋत्येला, चार मुठींवर, दक्षिण मत्स्य समूहातला मीनास्य असतो, ज्याला नकाशांत फोमलहॉट म्हणतात. बरोबर पश्चिमेला तीन मुठींच्या आसपास श्रवण. वायव्येला खाली उतरत असलेला अभिजित. तिघांखालीही दर्या आहे. मीनास्य आणि श्रवण यांच्यात सत्तरेक अंशांचा कोन पडतो, त्यामुळे रेषा छान आडव्या छेदतात. ग्रह मध्ये आला तर गोंधळू नका, आदल्या रात्री स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या अॅपवर बघून ठेवा. उगवतीचे तारे सोडून द्या, पूर्वेला आपल्याकडे क्षितिज नाही, सह्याद्री आहे.

आधी अभिजित घ्या, तो लवकर खाली जातो आणि क्षितिजाजवळ हवा माप बिघडवते. तीन ताऱ्यांच्या तीन रेषा कधीच एका बिंदूत येत नाहीत, छोटा त्रिकोण होतो. जहाजावर त्याला कॉक्ड हॅट म्हणतात. त्रिकोण मोठा तर माप ढिलं. अगदी लहान आला तरी लगेच हुरळू नका, माझी मिनिटाची चूक आठवा. आणि आपण त्रिकोणाच्या आतच आहोत असं धरू नका. बाहेरही असू शकतो.

हे कौशल्य जुन्या काळाचं नाही याचा पुरावा गोव्यातच आहे. अभिलाष टोमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ज्या ‘थुरिया’तून निघाले, ती होडी इथेच बांधली. त्या शर्यतीत जीपीएस वापरायला मनाई असते. सेक्सटंट, कागदी नकाशे, घड्याळ एवढ्यावर एकट्याने जगप्रदक्षिणा. दक्षिण हिंदी महासागरात वादळात ते जबर जखमी झाले आणि त्यांची सुटका करावी लागली. २०२२ मध्ये ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

गेल्या डिसेंबरात भाचीने पहिल्यांदा तिन्ही तारे एका संध्याकाळी घेतले. रांपणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारी माणसं दोर गोळा करत होती, त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं काय मोजताय, तिने सांगितलं आपण कुठे आहोत ते. त्याने वळून मांद्र्याच्या दिव्यांकडे बोट केलं आणि मग बराच वेळ तिच्या शेजारी उभा राहून वेळ वाचून दिली, आधी सेकंद, मग मिनिट. घरी कागदावर त्रिकोण आला, लांबात लांब बाजू पाच मैल. आमची वाळू त्याच्या बाहेर, पूर्वेच्या कडेपासून एक मैलावर. तिने तारीख घातली, साधनाची चूक किती होती ते लिहिलं, हवा कशी होती ते लिहिलं. मग गोड्या पाण्याने भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने दोन्ही आरशांवरचं खारं टिपून घेतलं, कोरड्या कापडाने पुसलं, आणि पेटी बंद केली.